मागचं बाक

१९ जानेवारी १९८३, बुधवार

नाही म्हटलं. पोटच्या मुलीला सगळ्यांसमोर नाही म्हटलं, आणि आता बसून लिहितेय की बरोबरच केलं.

वर्नेलला चार्ल्सटनमध्ये केसांचं दुकान काढायचंय. आम्हा बायकांच्या लोणच्याच्या शेडच्या शिलकीतून दीड हजार डॉलर मागायला आली होती. बँकेतल्या साहेबाने तिला बसासुद्धा म्हटलं नाही म्हणे. लोणच्याच्या बरण्या पुसता पुसता अकरा बायका ऐकत होत्या, आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे. वही माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे!

मी म्हटलं, "शेडचा पैसा बरण्यांचा आणि व्हिनेगरचा. आज माझ्या मुलीला दिला तर उद्या सगळ्यांच्या मुलींना द्यावा लागेल."

बायनाआजी म्हणाली, "मग द्यावा की! मुली काय शेजारच्या बेटावरच्या आहेत?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. नऊ वर्षांपूर्वी ही शेड उभी केली तेव्हा एकाही गोऱ्या दुकानदाराची उधारी घेतली नाही. खिळा न् खिळा स्वतःचा. वर्नेलला म्हटलं, "तूही तशीच उभी राहा. स्वतःच्या बळावर."

"बरं आई," एवढंच म्हणाली. कोळंबी-भात तसाच ठेवून गेली. रात्री मीच खाल्ला. टाकवत नाही.

२३ जानेवारी, रविवार

प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. देवा, माझं मन कठोर असेल तर मऊ कर. पण शेडच्या बाबतीत नको.

१२ मार्च, शनिवार

दुकान झालं!! देवा, तुझे उपकार!

वर्नेल मैत्रिणीच्या गाडीतून आली. नवा कोट, नखं रंगवलेली. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, भाडं सहा महिन्यांचं आगाऊ भरलंय! मी विचारलं, "पैसे कुठून आणलेस गं?"

"तू शिकवलंस तसं. जे माझं होतं त्यातून."

म्हणजे साठवत होती! कुणाचं कर्ज नाही, कुणाचे पाय धरले नाहीत. हे असते तर दाराबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतं. दुकान आपलं, गिऱ्हाईक आपलं, गल्लाही आपला. असंच एकेक घर उभं राहिलं तर आपल्याला दरडावायची कुणाची छाती होईल?

कागदावर दुसरा साक्षीदार लागतो म्हणाली. चुलीवर कोबीचं लोणचं रटरटत होतं, मैत्रीण बाहेर हॉर्न वाजवत होती. तिने बोट ठेवलं तिथे सही केली. माझ्या हाताची हळद कागदाला लागली. मी म्हटलं, "अगं, खराब झाला!" ती म्हणाली, "राहू दे आई. चालतं."

जाताना दारातून परत आली आणि मिठी मारली. लहानपणी ताप आला की मारायची तशी. शेडमधल्या सगळ्यांना एकेक चमचा जास्तीचं लोणचं दिलं — माझ्या खर्चाने!

३ एप्रिल, ईस्टर

पहाटे ह्यांच्या थडग्यावर गेले. दोन वर्षं झाली. आमच्या रीतीने थडग्यावर ठेवलेला ह्यांचा शेवटचा चहाचा पेला पावसाने भरला होता, ओतून पुसून ठेवला. घड्याळही तिथेच आहे, हे गेले त्या वेळेवर, सव्वाचारवर थांबवलेलं. सासूबाई, आजेसासरे, सगळे ओळीने खाडीकडे तोंड करून. माझी जागा ह्यांच्या डाव्या हाताला, ओकच्या मुळाशी. मी पावलांनी मोजून ठेवलीय.

वर्नेल आली नाही. सणाला केस करून घ्यायला गर्दी असते म्हणे. असू दे. धंदा आहे.

१४ जून, मंगळवार

कोर्टाचा कागद आला. प्रत्येक घरी आला. दुपारपर्यंत सगळ्या बायका आपापला लखोटा घेऊन माझ्याकडे — मॅट्रिक झालेली मीच ना! शेडच्या भिंतीवर मीच हातभर अक्षरात रंगवलंय: वाचल्याशिवाय सही करायची नाही. या बेटावर किती जमिनी अशा सहीने गेल्या!

तीनदा वाचला. मग मोठ्याने वाचला. ह्यांच्या घराण्यातल्या कुणीतरी आपला वाटा गोल्फचं मैदान करणाऱ्या कंपनीला विकलाय. आता कंपनी आमच्या एकतीस एकरांत वाटेकरी! आणि वाटणी मागतेय.

यादीत छत्तीस नावं. बायनाआजी म्हणाली, "वर्नेलचं कुठंय?" म्हटलं, तिला शहराच्या पत्त्यावर निराळा कागद गेला असेल.

१६ जून, गुरुवार

वकील टॉलिव्हरबाईंकडे गेले. आपल्यातल्याच आहेत, फुकट सल्ला देतात. म्हणाल्या, "ताई, आजेसासऱ्यांनी मृत्युपत्र केलं होतं?"

नाही केलं. कसं करतील? फॉस्फेटच्या खाणीत कमरेइतक्या चिखलात उभं राहून पैसे साठवले, १८८९ साली रोख मोजून जमीन घेतली. त्यानंतर कोर्टाची पायरी चढले नाहीत. आमच्या प्रार्थनाघराचा नेमच तो — आपला तंटा आपल्यात, कोर्टात जाणारा पापी. मरताना सगळ्यांना बोलावून म्हणाले, जमीन सगळ्यांची, म्हणून कुणालाच विकता येणार नाही. आम्हालाही तेच खरं वाटलं. त्यांच्या मुलांनी कागद केला नाही, ह्यांनीही नाही.

बाई म्हणाल्या, कायदा उलटा आहे. सगळ्यांची, म्हणून कुणालाही आपला वाटा विकता येतो. अगदी बोटभर वाटा असला तरी! आणि घेणारा अडून बसला, तर न्यायाधीश अख्खी जमीन लिलावात काढतो. शेड, घरं, थडगी — सगळं.

मी विचारलं, "थडगीसुद्धा?" त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पुढे म्हणाल्या, "विकणाऱ्याचं नाव हवं असेल तर नोंदणी कचेरीतून खरेदीखताची नक्कल काढा. पन्नास सेंट पडतात."

पन्नास सेंट कशाला? मला नाव ठाऊक आहे! रूफस. ह्यांचा पुतण्या, फिलाडेल्फियात बस चालवतो. ह्यांच्या मातीच्या दिवशी दारू पिऊन काय बरळला होता ते सगळ्या बेटाने ऐकलंय — "काकू, विकून टाका हे डासांचं घर!" त्याच तोंडाने विकली.

१९ जून, रविवार

रूफसला पत्र टाकलं. चार ओळी. शेवटची ओळ — तुझ्या काकांनी तुला खांद्यावर बसवून या खाडीत पोहायला शिकवलं, त्याची चांगली परतफेड केलीस.

तिकिटाचे वीस सेंट कारणी लागले.

१४ ऑगस्ट, रविवार

रूफस आला. रात्रभर बसने. मला वाटलं होतं तोंड दाखवणार नाही.

प्रार्थना संपल्यावर मी उभी राहिले. प्रार्थनाघराचे पुढारी कफी डीकन, त्यांना म्हटलं, "माझा एका माणसावर आरोप आहे, आणि तो इथे बसलाय."

डीकन म्हणाले, "रूफस, काकू म्हणतात त्यावर तुझं काय?"

"मी नाही विकली. कंपनीचा माणूस दोनदा आला होता. दुसऱ्यांदा त्याला जिन्यावरून खाली पोचवला."

"मग कुणी विकली? तुझ्या काकांच्या भुताने?" — हे मी म्हटलं. कुणीतरी खुसखुसलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी ह्यांच्यासारखे आहेत त्याचे, ते मला सहन होत नाही. म्हणाला, "काकू, त्या दिवशी मी प्यालो होतो. काका गेले होते ना. त्यानंतर थेंब घेतला नाही."

डीकननी मागच्या बाकाकडे बोट केलं. चूक करणाऱ्याने तिथे बसायचं, सगळ्यांसमोर कबूल करेपर्यंत. आमच्यात यापेक्षा मोठी शिक्षा नाही. वाटलं, भांडेल, निघून जाईल. गेला आणि बसला. टोपी मांडीवर ठेवून. शेवटी सगळे एकमेकांचा हात हातात घेतात, त्याचा कुणी घेतला नाही. मी तर पाठच फिरवली.

वर्नेल आज यायची होती. पोटात दुखतंय म्हणून निरोप आला.

१५ ऑगस्ट, सोमवार

रूफस पहाटेच गेला. थडग्यावर गेले तर घड्याळ सरळ केलेलं, भोवतीचं गवत उपटलेलं. पेल्यात ताजा चहा.

ढोंग!

७ ऑक्टोबर, शुक्रवार

न्यायाधीशाचा निकाल. जमिनीचे तुकडे पाडता येत नाहीत, सबब लिलाव. डिसेंबरचा पहिला सोमवार.

८ ऑक्टोबर, शनिवार

बायका जमल्या. रडारड झाली नाही. बायनाआजीने जुन्या झग्याच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी आणून टेबलावर ठेवलं. मातीचे पैसे तिचे, मरणासाठी राखलेले. मी म्हटलं, "आजी, हे नको." म्हणाली, "जागाच राहिली नाही तर पुरणार कुठे मला? गोल्फच्या भोकात?"

तेव्हा मात्र सगळ्या रडल्या. हसून हसून रडल्या.

शेडची शिलक, गावजेवणं, आसपासच्या चार बेटांवरच्या प्रार्थनाघरांची मदत. कुणी कोंबड्या विकल्या, कुणी शिलाई मशीन. वर्नेलने पन्नास पन्नास करून तीनदा पाठवले. एवढ्याशा दुकानातून! मी लिहिलं, पुरे, तुझं भाडं सांभाळ.

२१ नोव्हेंबर, सोमवार

रूफसची सहाशे डॉलरची मनीऑर्डर. चिठ्ठी — "लिलावासाठी. काकू, नाव माझं लिहू नका हवं तर."

परत पाठवली. ज्या हाताने विकली त्याच हाताने सोडवायची? येशूला विकणाऱ्यानेही चांदी परत नेऊन टाकली होती. चांदी परत केली म्हणून क्रूसावरचा खाली उतरला का?

बायनाआजी म्हणाली, "अर्ली, पैशाला काय माहीत तो कुणाचा?" मला माहीत आहे ना.

५ डिसेंबर, सोमवार

कोर्टाच्या पायऱ्यांवर. थंडी होती. आम्ही चाळीसेक माणसं, ठेवणीतल्या टोप्या घालून. कंपनीचा एकटा माणूस, हातात कॉफी.

आमचा आकडा तेवीस हजार चारशे. डीकननी मोठ्या आवाजात पुकारला. त्या माणसाने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला एकाहत्तर हजार.

चार मिनिटं लागली. चौऱ्याण्णव वर्षांना चार मिनिटं.

मग बायनाआजी म्हणाली, "चला, घरी जाऊ." आणि सगळ्यांना एकदमच कळलं, की कुठे?

७ डिसेंबर, बुधवार

शेड रिकामी करतोय. थडग्यांवर जायला कंपनी परवानगी देणार आहे — फाटकावर नाव सांगून, उजेड असेपर्यंत. नवी माती मात्र द्यायची नाही. म्हणजे ह्यांच्या डाव्या हाताला आता कुणी नाही.

वर्नेलचा फोन आला शेजारच्या घरी. "आई, मला तुझ्याशी बोलायचंय."

"आता नको गं. बरण्या गुंडाळतेय."

"आई, ऐक ना. मला वाटलं होतं की फक्त—" आणि रडायलाच लागली.

मी म्हटलं, "रडू नकोस. तू तुझं दुकान सांभाळ. तेवढं एकच आता आपलं उरलंय."

मग फोन ठेवला तिने.

भिंतीवरची अक्षरं खरवडून काढावीत असं आलं मनात. कंपनीला कशाला ठेवायची? पण हात उचलला नाही. राहू देत.

११ डिसेंबर, रविवार

काल टॉलिव्हरबाई वाटणीचे कागद घेऊन आल्या. त्यांत कंपनीच्या खरेदीखताची नक्कल होती. तारीख १२ मार्च. विकणारी — वर्नेल. वडिलांकडून आलेला वाटा, दीड हजार डॉलर, आगाऊ दिलेले. खाली साक्षीदार दोन. दुसरी सही माझी. तिच्याशेजारी अंगठ्याएवढा काळसर डाग.

आज प्रार्थनाघरात मागच्या बाकावर जाऊन बसले. डीकन म्हणाले, "अर्लीथाताई, तिथे काय करताय? पुढे या." उठून उभी राहिले. कागद पुढे केला.

बायनाआजीने तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला. तिला वाचता येत नाही. नेहमीसारखा माझ्याच हातात परत दिला. म्हणाली, "वाच गं अर्ली. काय लिहिलंय?"

वाचून दाखवला. मोठ्याने. सहीसकट.