खाडीपुलाच्या विधेयकावर प्रत्येकाचे वेगळे मत घेण्याबाबत

प्रति,
माननीय कक्ष अधिकारी,
खाडीपूल विधेयक, हरकती व सूचना कक्ष,
मुंबई.

अर्जदार : इनायत हसन पांगारकर, मूळ राहणार मौजे खारवणे, जिल्हा रत्नागिरी. सध्या राहणार अल सद्द, दोहा, कतार.

विषय : खाडीपूल व जोडरस्ते विधेयक सभागृहात मांडण्यापूर्वी त्यावर नागरिकांचे थेट मतदान घेणेबाबत, तसेच अर्जदाराच्या हरकतीतून मयत पत्नीचे नाव वगळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची पोचपावती, शेरा "संपूर्ण कुटुंबाची हरकत".

महोदय,

१. अर्जदार दोह्यात एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. त्याची पत्नी हजरा मागच्या पावसाळ्यात गावी वारली. सदर विधेयक मंजूर झाल्यास खारवण्याच्या खाडीवर पूल होईल आणि त्याचा जोडरस्ता कब्रस्तानाच्या खालच्या अंगातून जाईल. हजराची कबर त्याच अंगाला आहे. आड येणाऱ्या कबरी हलवण्याची तरतूद मसुद्यात आहे. म्हणून अर्जदाराने पूल नको, अशी हरकत पाठवली.

२. आपली पोच आली. कुटुंबप्रमुखाची हरकत ही सर्व कुटुंबाची धरली आहे, असे तीत लिहिले होते आणि खाली शिधापत्रिकेवरची नावे होती : इनायत, हजरा, अम्मार. अर्जदाराने फक्त स्वतःपुरते लिहिले होते. हजराला पूल हवा होता.

३. नुसता हवा नव्हता, तिने त्यासाठी गावभर तोंड वाजवले होते. पलीकडे इस्पितळ, अलीकडे आपण, आणि मध्ये एक तरीची होडी, तीही भरतीच्या मर्जीवर. तिच्या छातीत कळ आली तेव्हा नेमकी ओहोटी होती. होडी चिखलात रुतली. पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका दिवे लावून उभी होती आणि अलीकडे धक्क्यावर अर्जदाराची बहीण मुनीरा हिच्या मांडीवर हजराचे डोके होते. "पूल असता तर एव्हाना पोचलो असतो गं," एवढे ती बोलली. नंतर बोलली नाही. हे मुनीराने अर्जदारास फोनवर सांगितले. अर्जदार तेव्हा कंपनीच्या गोदामात होता.

हे ठाऊक असूनही अर्जदारास पूल नको आहे. त्याचे कारण विचारल्यास तो एवढेच सांगेल, की त्याला आता जायला तेवढी एकच जागा आहे.

४. पोच आली त्या शुक्रवारी अर्जदार दुपारच्या नमाजहून परतला, तर हजरा इथल्या, दोह्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजपाशी उभी. सलवारीचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्यानंतर ती येतच राहिली. गेल्यावर फरशी कोरडी असते, अर्जदाराने हात लावून पाहिले आहे. हयातीत तिला गप्प बसवणे कोणाच्या बापाला जमले नव्हते. आता ती बोलत नाही. फक्त डाव्या हाताची तर्जनी पुढे धरते, जशी मतदान केंद्रावर शाई लावायला धरतात. एकदाच बोलली. म्हणाली, "अम्मारच्या अब्बा, मी कधी नको म्हटलं?"

५. मुलगा अम्मार दोह्यातच अबू हमूरला राहतो. तो येऊन सगळी खोली बघून गेला आणि म्हणाला, "अब्बा, देअर इज नोबडी. यल्ला, माझ्याकडे राहायला चला." अर्जदार गेला नाही. ती इथे आली आणि दाराला कुलूप दिसले, तर काय करील? शेजारी नाशिकचे नंदू इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, "काका, कायद्यावर सरकार असं एकेकाला विचारत नसतं. पाच वर्षांतून एकदा विचारतं, तेवढ्यावर भागवा." अर्जदार त्यांना म्हणाला, की माझ्या घरात तर तेही विचारले नाही, परस्पर लिहून टाकले.

६. यावर अर्जदाराने पुष्कळ विचार केला. सभागृहात एक सदस्य हात वर करतो आणि तो सगळ्या तालुक्याचा हात धरतात. कुटुंबप्रमुखाचेही तसेच. अर्जदाराने हजराबरोबर तीस वर्षे संसार केला. एका ताटात जेवणाऱ्या दोघांची मते दोन निघाली, तर जो आमच्या काठावर कधी उतरला नाही त्याने गावाचे मत कोणते समजायचे? ज्याच्या घरावरून, शेतावरून किंवा कबरीवरून कायदा जाणार आहे, त्याला कायदा होण्याआधी विचारावे. माणसागणिक विचारावे. घरागणिक नव्हे.

मयताला मत नसते हे अर्जदार जाणतो. हजराचे मत मोजा, असे त्याचे म्हणणे नाही. पण ते मोजायचे नसेल तर उलट बाजूलाही मोजू नये. ती रोज उभी राहते ती एवढ्यासाठीच, असे अर्जदाराचे मत झाले आहे.

७. तरी विनंती की,

(अ) अर्जदाराच्या हरकतीतून हजराचे नाव ताबडतोब काढावे व तसे लेखी कळवावे. ते पत्र अर्जदार स्वयंपाकघरात वाचून दाखवील.

(आ) सदर विधेयकावर खाडीच्या दोन्ही काठांवरील प्रत्येक सज्ञान नागरिकाचे थेट मत घ्यावे. आमच्या गावचे निम्मे पुरुष आखातात आहेत. त्यांना आगाऊ कळवावे, म्हणजे कंपनीकडून रजा मिळते. अर्जदार स्वखर्चाने येईल आणि 'नको' असे मत देईल.

(इ) निकाल पुलाच्या बाजूने लागल्यास अर्जदार कोर्टकचेरी करणार नाही. कबर उघडताना पहिली माती त्याला स्वतःच्या हाताने काढू द्यावी.

(ई) निकाल काहीही लागो, तो कब्रस्तानात खालच्या अंगाला उभे राहून एकदा वाचावा. हजराला डाव्या कानाने कमी ऐकू येत असे. कबरीत तिला उजव्या कुशीवर ठेवले आहे, म्हणजे चांगला कान मातीकडे आहे. तरी वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावे.

उत्तराची वाट पाहणारा,
इनायत हसन पांगारकर
दोहा, १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : पोचपावतीची प्रत, हजराचे मतदार ओळखपत्र, मूळ. काम झाल्यावर ते परत मिळावे.