अण्णांचा फोटो परत पाठवायला उशीर का झाला

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तसाच मान्य करून घ्यावा.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भाऊजींनी दातांची नवी कवळी वापरायला घेतली की ती अजून वाटीतच आहे, हे सविस्तर कळव. इकडे आई बरी आहे, बायको बरी आहे, आणि मी कसा आहे ते पुढचं वाचून तूच ठरव.

सोबतच्या पार्सलात अण्णांचा फोटो फ्रेमसकट, चार थरांत गुंडाळून पाठवला आहे. आठ दिवसांत आणून देतो म्हणून मी तो तुझ्या भिंतीवरून काढला, त्याला आज अडीच महिने झाले. तू एकदाही रागावली नाहीस, नुसतं "भिंत ओकीबोकी दिसते रे" एवढंच दर रविवारी फोनवर म्हणालीस. रागावली असतीस तर मीही चिडून मोकळा झालो असतो, पण तू तेवढी सोय ठेवली नाहीस. तेव्हा उशीर का झाला ते लिहून सांगतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला तपासलं, मला दाराबाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की तिची मधली नजर जात चालली आहे, वर्षभरात माणसांचे चेहरे दिसेनासे होतील. आई आतून म्हणाली की डॉक्टर, कान अजून शाबूत आहेत. घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाली की यांचा चेहरा एकदा मोठा करून बघून घ्यायचा आहे, दिसतंय तोवर. आता तुला ठाऊकच आहे, जन्मभर स्टुडिओ चालवलेल्या माणसाचा स्वतःचा फोटो हा एवढा एकच. (तोही आईनं काढलेला. अण्णा लोकांना "हसा" सांगायचे आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर आले की शाळेच्या तपासणीला आल्यासारखे उभे राहायचे.) निगेटिव्ह आणि बाकीचं सगळं माळ्यावरच्या ओलीनं खाल्लं. म्हणून तुझ्याकडून फोटो आणला, स्कॅन केला आणि चौकातल्या फोटोवाल्याकडून मोठा छापून घेतला. आईनं तो खिडकीपाशी नेला, भिंग लावलं, आणि "हे कोण?" असं विचारलं. अण्णा जांभळे झाले होते.

इथं माझ्यातला कारागीर जागा झाला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं घड्याळात बसवणारा माणूस मी, शाई उडवणारं एक खोकं मला काय जड आहे, असं मी घरात मोठ्यानं म्हणालो. (हे वाक्य बायकोनं पाठ केलं आहे. पाहुणे आले की म्हणून दाखवते.) दुसऱ्याच दिवशी इंकजेट प्रिंटर आणला. पहिला फोटो छापला तो ट्यूबलाइटखाली अगदी झकास दिसला. आईनं तो खिडकीत धरला तर अण्णांच्या गालांवर शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाक. शाईच्या दुकानदारानं मग मला समजावलं (आम्ही त्याला शाईवाला म्हणतो, तो मला काय म्हणतो ते मी विचारलेलं नाही) की हे यंत्र करडा रंग नुसत्या काळ्यातून काढत नाही, निळी, गुलाबी, पिवळी शाई जराजरा मिसळून काढतं, आणि ते मिश्रण उजेड बदलला की चुगली करतं. मी म्हटलं, मग फक्त काळी शाईच वापरायला सांगू त्याला. तो म्हणाला, सांगून बघा. त्याच्या आवाजावरून मी ओळखायला हवं होतं. नुसत्या काळ्या शाईनं छापलेला फोटो आईनं भिंगाखाली धरला आणि खाली ठेवला. म्हणाली, हे दिवसातून दोनदा दाढी करायचे, हा माणूस चार दिवस आंघोळीलासुद्धा गेलेला नाही. बघतो तर खरंच, कपाळापासून गळ्यापर्यंत बारीक काळे ठिपके, दाढीचे खुंट फुटावेत तसे.

मग कागद बदलला. शाईवाल्यानं चांगला जाड, बिनचकाकीचा कागद दिला, पण त्याची एकच बाजू शाई धरते हे सांगायचं तो विसरला, किंवा सांगितलं तेव्हा मी माझ्या चष्म्याविषयी बोलत होतो. मी उलट्या बाजूवर छापलं. शाई मुरेना, पसरत गेली, आणि अण्णांच्या मिशा माझ्या डोळ्यांदेखत हनुवटीपर्यंत उतरल्या. योग्य बाजू ओळखायची खूण अशी की ओला ओठ लावला तर ती किंचित चिकटते. मी दहा कागदांना ओठ लावून त्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं खूण करत असताना बायको चहा घेऊन आली. थोडा वेळ दारातच उभी राहिली आणि चहा घेऊन परत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा जपून बोलते. पुढं फोटो काळपट येऊ लागले तेव्हा कळलं की दोष संगणकाच्या पडद्याचा आहे, तो दिव्यासारखा लखलखतो आणि आपल्याला वाटतं फोटोही तसाच येणार. म्हणून मी पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. आता फोटो नीट येतात, पण बायकोला तिच्या भाचीचा चेहरा व्हिडिओवर दिसत नाही, आणि त्यालाही घरात मीच जबाबदार.

शेवटी एकदाचं सगळं जुळून आलं. कागदाचा खरा प्रकार यंत्राला सांगितला (आधी मी साधा कागद म्हणून सांगत होतो आणि ते बिचारं तेवढीच शाई टाकत होतं), काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी त्यात वेगळी सोय असते ती शोधून काढली, शाई सोडणारी बारीक तोंडं साफ केली, आणि एका सकाळी अण्णा जसेच्या तसे बाहेर आले. कोटाच्या काळ्यातसुद्धा बटण वेगळं दिसत होतं. फोटो दिवसभर वाळू द्यायचा म्हणून टेबलावर ठेवला, वर कागद झाकला, आणि शीळ घालत माझ्या दुकानात गेलो. दुपारी जेवायला आलो तर न्हाणीघरात आई स्टुलावर बसलेली, समोर टब, टबात निळसर काळं पाणी, आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेला एक कोरा कागद ठिबकत होता. तीस वर्षं तिनं स्टुडिओतले फोटो धुतले, ताई. औषधातून काढलेला फोटो वाहत्या पाण्यात तासभर ठेवला नाही तर पुढं पिवळा पडतो, हे तिच्या हाडांत बसलेलं. टेबलावर फोटो बघितला आणि तिला वाटलं की पोरगं घाईत धुवायचं विसरलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अरे, हे उतरतायत सगळे." आधी मला हसू आलं, मग तिच्या तोंडाकडे बघून आलेलं हसू गेलं. तिचे हात कोपरापर्यंत अण्णांच्या कोटानं काळे झाले होते.

त्यानंतरचा महिना असाच गेला म्हण. काळी शाई संपली, तीच शाई आठ दिवस शाईवाल्याकडे येईना, मग माझी कंबर धरली. अखेर गेल्या मंगळवारी तसाच दुसरा फोटो निघाला. या वेळी मी वाळेपर्यंत खुर्ची टाकून शेजारी बसून राहिलो, दुकान बंद ठेवलं. आईनं तो खिडकीत बघितला, दिव्याखाली बघितला, कडेच्या नजरेनं तिरपा धरून बघितला. (मधून दिसत नाही, कडेनं दिसतं म्हणते.) मग म्हणाली की काळा काळा आहे, पांढरा पांढरा आहे, आणि मधलं सगळं जागच्या जागी आहे. अण्णांनीसुद्धा मला आयुष्यात एवढं कधी म्हटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्यायलो.

तर हा असा उशीर झाला. फोटो भिंतीवर लावलास की कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीला लावू नकोस, ऊन लागतं. आतल्या भिंतीला लाव. जुना फोटो इतकी वर्षं उन्हात टिकला हे तू म्हणशील, पण माझं ऐक.

ता. क. २. ऐकायचं कारण असं की फ्रेममध्ये जुना फोटो नाही, मी छापलेला आहे. जुना आईकडे आहे. हे मी केलेलं नाही, ताई. मंगळवारी फोटो पसंत पडल्यावर ती म्हणाली, "हा तिकडे पाठव. खरा मला राहू दे." मी म्हटलं, आई, हा मोठा आहे, स्पष्ट आहे, तुझ्यासाठीच तर केला. तेव्हा तिनं माझं बोट धरून जुन्या फोटोवर अण्णांच्या डाव्या कानाखाली नेऊन टेकवलं. तिथं तसूभर जागा खरखरीत लागते. फोटो धुतला तेव्हा तिथं एक काळा डाग आला होता, तो तिनं ब्लेडच्या टोकानं खरवडून काढला होता. तुझ्याकडे फोटो काचेमागं होता, म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही. ती म्हणाली की दिसेनासं झाल्यावर मोठ्या फोटोचं मी काय करू, इथं बोट ठेवलं की मला हे सापडतात. मी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि तोच फोटो तुझ्या फ्रेमच्या मापाचा छापून काढला.

ता. क. ३. तुला कळणार नाही अशी तिची खात्री आहे, आणि तुला सांगायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. तेव्हा पार्सल पोचलं की तिला फोन कर आणि फोटो मिळाला, अगदी पहिल्यासारखा आहे, असं सांग. एवढंच बोल आणि लगेच फोन ठेव. तिचे कान शाबूत आहेत, रडायचं ते नंतर रड.