आज लाटा कमरेएवढ्या

आई, तुझ्या नातीचा आवाज रोज सकाळी आमच्या कंपनीच्या बसमध्ये वाजतो. तू तिला पाहिलं नाहीस, ती व्हायच्या आधीच तू गेलीस. आता ती लांब कोकणात, समुद्राच्या काठावर असते आणि लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवते. त्यासाठी माणसाहून उंच अशी एक हलकी फळी असते, तिला बोर्ड म्हणतात. त्यावर पालथं पडायचं, हातांनी पाणी मागे सारत आत जायचं, मागून लाट आली की पटकन उठून उभं राहायचं आणि लाट नेईल तसं काठाकडे यायचं. तू विचारलं असतंस, "आन् मंग?" मग काही नाही. वळायचं आणि परत आत जायचं.

शिकायला येणाऱ्यांसाठी ती रोज उजाडताना समुद्र बघून मोबाईलवर आवाजातला निरोप टाकते. तोच मलाही पाठवते. मी तो बसमध्ये लावते, आणि माझ्या कानांना आताशा कमी ऐकू येतं म्हणून जरा मोठ्याने लावते. "नमस्कार. आज लाटा कमरेएवढ्या. सकाळी वारा जमिनीकडून आहे, तोवर पाणी छान राहील. जेवणाच्या आधी वारा फिरेल, मग पाणी खवळेल. ओहोटी लागली की खडकाच्या बाजूला कुणी जायचं नाही. ऊन आहे, डोक्याला काहीतरी घाला." बस नागापूरच्या फाटकाशी येईपर्यंत तो निरोप दोनदा तरी वाजतो, कारण मागच्या सीटवरच्या बायकांना पहिल्यांदा नीट ऐकू आलेला नसतो. यातल्या कितीतरी जणींनी समुद्र पाहिलेला नाही. शेवगावकडची एक सुरुवातीला म्हणायची, "लाटंचं कशाला सांगती, आमच्याकडं पाऊस कवा पडंल ते इचार की तिला." आता तीच बसमध्ये चढताना पहिलं विचारते, "कमरंएवढ्या का छातीएवढ्या?" कमरेएवढ्या म्हणजे शिकणाऱ्यांना बऱ्या, छातीएवढ्या म्हणजे जपून, हे सगळ्यांना पाठ झालंय. साहेबांचा मूड बिघडलेला असला की वायरिंगच्या टेबलावर एकमेकींना हळूच सांगतात, आज वारा फिरलाय गं.

हे ऐकताना मला आपलं गाव आठवतं. धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली खाली जायचं आणि भेगाळलेल्या गाळातून पायवाट पडायची, ती वाट. धाकटी मावशी त्या पाण्यात गेली ती माझ्या जन्माच्या आधी. धुणं धुताना पाय घसरला. काठावर बाया होत्या, पण एकीलाही पोहता येत नव्हतं, आणि त्यातली एक तू होतीस. हे तू मला एकदाच सांगितलंस, चुलीपुढे नाचणीची भाकरी थापताना, आणि सांगताना तुझा हात थांबला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तू मामाच्या मागे लागलीस, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलीस. पदरी पोर नव्हतं, सासरचं माणूस पावलोपावली टोकत होतं, तरी शिकलीस. मी मोठी होईपर्यंत गावातल्या मुलींना वैशाखात पाण्यावर न्यायचं काम तुझंच होऊन बसलं होतं.

चावडीवर कुणी तरी हसून म्हणालं होतं, पोरींचे काय मासे करायचेत. तू डोक्यावरचा हंडा खाली न ठेवता उत्तर दिलंस, "पोरीच असत्यात की दिसभर पान्यावर. धुनं त्यांनी धुवायचं, हांडं त्यांनी आनायचं. मंग पवायला तेवढं पोरांनीच शिकायचं व्हय?" दुसऱ्या दिवशी चावडीवर बसणाऱ्यांपैकी एकाची मुलगी आपली आपण आली.

राजूरच्या बाजारातून तू एकदा निळ्या कापडाचा तागा आणलास. शिंप्याकडून सगळ्या मुलींना गुडघ्यापर्यंत विजारी आणि आखूड सदरे शिवून घेतलेस, कारण परकर पाण्यात पायांना गुंडाळायचा. मला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी भेट. सगळ्या एका रंगाच्या कपड्यांत काठावर उभ्या राहिलो तेव्हा आम्हाला वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

आणि तो मार. मी दहा-अकरा वर्षांची असेन. नीट पोहायला यायला लागलंय, अंगात वारं भरलंय. तुझं लक्ष दुसरीकडे असताना मी उंच खडकावरून उडी मारते. वर येऊन बघते तर तू कमरेभर पाण्यात, लुगडं भिजवून माझ्याकडे येतेयस. दंडाला धरून बाहेर काढतेस आणि पाठीत एक रट्टा देतेस.

"उडी मारायच्या आदी काय बगितलंस?"

"पानी."

"पान्यात काय हाय?"

मला काही सांगता येत नाही. "बस हितं. दिसंल तवा सांग," म्हणून तू बाकीच्या मुलींकडे निघून जातेस. मी रडत बसते, मग रडून कंटाळते, मग खरंच बघायला लागते. ऊन कलल्यावर पाण्याखाली काहीतरी काळं दिसतं. बुडालेल्या झाडाचं खोड असतं ते, मी उडी मारली त्याच्या हातभर अलीकडे. तुला हाक मारून दाखवते. तू बघतेस, आणि तुझाच चेहरा पांढरा पडतो. "काल त्येच्यावर लई पानी हुतं गं," एवढंच म्हणतेस आणि मला जवळ ओढतेस.

तू समुद्र पाहिला नाहीस. एकदा विचारलं होतंस, त्याला पल्याडचा काठच नसतो म्हणे, मग माणूस बघत कुठं राहतं? मी तेव्हा म्हटलं होतं, मी बघून येते आणि सांगते. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, आणि आधी बाकीचंच लिहीत बसले.

मागच्या दिवाळीनंतर मी तिकडे गेले ती समुद्र बघायला नाही, मुलीला परत आणायला. नगरमधल्या एका शाळेत तिला खेळाच्या शिक्षिकेची जागा मिळत होती. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, कायमची. तुझे जावई मला म्हणाले, "माझं ऐकणार नाही. तू जा, समजाव." मीही मनातून तेच ठरवून निघाले होते. इथे सगळं असताना तिने पाण्याच्या तोंडाशी का राहायचं? बसमध्ये निरोप ऐकून मी खुशीत असते असं सगळ्यांना वाटतं. खरं तर निरोप आला म्हणजे ती आज धड आहे, म्हणून मी ऐकते.

तिथे पोचले तेव्हा ती वाळूत बसली होती. मला मिठी मारली, म्हणाली, "मम्मी, जरा थांब हं," आणि परत समुद्राकडे बघत बसली. मी बाजूला टेकले. किती बघावं माणसाने? लाटा येत होत्या, फुटत होत्या, मला सगळ्या सारख्या. आदल्या दिवशी तिने कमरेएवढ्या लाटांचा अंदाज दिला होता, मोबाईलवरही तोच होता. पण लांब कुठेतरी समुद्रात वादळ उठलं होतं आणि त्याच्या लाटा अंदाजाच्या आधीच येऊन पोचल्या होत्या. त्यात ओहोटी लागलेली. पुण्याहून आलेली एक टोळी बोर्ड काखेत घेऊन तयार उभी होती. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "अहो मॅडम, आम्ही रात्रभर गाडी चालवून आलोय. मोबाईलवर तर सगळं ओके दाखवतंय."

"मीच टाकला होता तो अंदाज," ती म्हणाली. "चुकला माझा. भरती लागेपर्यंत कुणी आत जाणार नाही. तोवर वाळूवर उठायचा सराव करू."

तिने किती सहज सांगितलं, चुकला माझा. आपल्या घरात हे इतकं सोपं कुणाला जमलं नव्हतं. टोळी कुरकुरली, पण वाळूवर पालथी पडली.

तेवढ्यात खडकाच्या बाजूने ओरडा झाला. फिरायला आलेल्या कुटुंबातली एक बाई, असेल माझ्याच वयाची, फोटोसाठी गुडघाभर पाण्यात उभी होती. परत जाणाऱ्या पाण्याने तिच्या पायाखालची वाळू ओढली आणि ती बसली ती आतच चालली. तिचं डोकं दिसत होतं, मग दिसत नव्हतं. मी उठले. मी पोहणारी बाई आहे आई, तू शिकवलेली. साडीसकट धावत निघाले. मुलगी बोर्ड घेऊन माझ्या पुढे पळत होती. पळता पळताच मागे वळून ओरडली, "मम्मी, तू पाण्यात यायचं नाही! तिथंच उभी राहा. तिच्याकडे बोट दाखव. हात खाली घ्यायचा नाही, नजर काढायची नाही. मला लाटांमधून ती दिसणार नाही, तू दिसशील!"

मी उभी राहिले. हात सरळ केला. आई, मला त्या बाईकडे बघायचं होतं आणि माझा जीव माझ्या मुलीकडे बघायला धावत होता. पांढऱ्या फेसात ती बोर्डसकट गेली, हे नजरेच्या कोपऱ्यातून कळलं, पण नजर हलवली नाही. त्या बाईची ओढणी पिवळी होती. पिवळं दिसलं की हात तिकडे, बुडालं की जिथे बुडालं तिथे. खांदा भरून आला, तोंडाने मी काय बोलत होते कुणास ठाऊक. मागे उभ्या असलेल्या पुण्याच्या त्या माणसाने नंतर सांगितलं, मी मावशीला हाक मारत होते. माझ्या मावशीला, जिला मी पाहिलंही नाही.

मग पिवळं आणि बोर्ड एका जागी आले. तिने त्या बाईला बोर्डावर पालथं घातलं, स्वतः मागून धरलं. मला वाटलं, आता सरळ इकडे येईल. ती आलीच नाही. काठाच्या बाजूबाजूने लांब जात राहिली, मला वाटलं ओढली जातेय. तर नाही, पाण्याची ओढ जिथे संपत होती तिथपर्यंत तिने जाऊ दिलं आणि मग लाटांनीच दोघींना आणून वाळूवर टाकलं. ती बाई खोकली, पाणी ओकली, आणि पहिलं काय बोलली असेल? "माझी चप्पल गेली." तिचा नवरा रडत होता तो रडता रडता हसायला लागला. पुण्याची टोळी टॉवेल आणि चहा घेऊन धावली. मी हात अजून वर धरून उभी होते. मुलीने येऊन तो खाली केला.

दुपारी तिच्या खोलीत आम्ही दोघी भात आणि माशाची आमटी खात बसलो. ती म्हणाली, "तू मला न्यायला आलीस ना?"

"आले होते."

"मग?"

मी म्हटलं, "तू होतीस म्हणून ती बाई घरी जातेय."

"रोज नसतं गं असं काही. रोज नुसतं उन्हात उभं राहायचं आणि लोक पडताना बघायचं. मला तेसुद्धा आवडतं."

हे ऐकलं आणि तिला न्यायचं मी मनातून सोडून दिलं. भीती गेली नाही, पण त्या भीतीला आता बसायला जागा मिळाली. संध्याकाळी तुझ्या जावयांना फोन केला. म्हटलं, "ती इथंच राहतेय. शाळेला मी कळवते." त्यांनी विचारलं, "बरं. उद्या लाटा किती म्हणती?"

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला होता. कमरेएवढ्यापेक्षाही कमी, जमिनीकडचा गार वारा, पाण्यावर एक सुरकुती नाही. मुलीने मला तिचा एक सैल टीशर्ट आणि विजार दिली आणि बोर्डावर घातलं. पन्नाशीला आलेली बाई, दोन्ही बाजूंनी लेकीने धरलेली. पाण्याला चव असते हे मला तोंडात जाईपर्यंत खरं वाटत नव्हतं. आणि हो, पल्याड काठ नाही. पण बघत राहायला अडचण येत नाही आई. मागून लाट आली, ती ओरडली, "आता!", आणि पुढचं क्षणभराचं होतं, पण एवढ्या वेगाने मला आजवर कुणी काठाला आणलं नव्हतं.

हे पत्र मी कुठे टाकणार? डब्यात ठेवीन, नाहीतर ठेवणारही नाही. बसमधल्या बायकांना मी सांगितलंय की मी लाटेवर उभी राहिले. तुझ्या जावयांना तर तिथूनच फोनवर तेच सांगितलं, तेव्हा लेक माझ्याकडे बघून हसली पण तिने मला उघडं पाडलं नाही. तुला म्हणून सांगते, मी नुसती गुडघ्यांवर आले होते. पुढच्या महिन्यात परत जातेय.