हंस, उजेड आणि होणारे व्याही

कुश्शारो तळ्याकाठून,
फेब्रुवारी

तीर्थस्वरूप तोमिकोताईस,

धाकट्या एइकिचीचा वाकून नमस्कार. तुमच्या हाकोदातेची थंडी जरा उतरली असेल, तुझा खोकला थांबला असेल आणि छपरावरचा बर्फ काढायला तू स्वतः शिडीवर चढत नसशील, अशी आशा आहे. (चढत असशील तर कळवू नकोस. आणखी एका काळजीला माझ्याकडे सध्या जागा नाही.) इकडे सर्व ठीक. म्हणजे सुमिए ठीक, चिझुरू ठीक, मी तेवढा नाही.

त्याचं असं झालं. चिझुरूच्या लग्नाची बोलणी पक्की झाली, त्या जेवणात होणारे व्याही ओनोदेरासाहेब खेकड्याची नांगी सोलता सोलता म्हणाले, की लग्नाच्या हॉलमध्ये उडत्या हंसांचा एक मोठा फोटो हवा, तोही मुलीच्या बापाच्या हातचा. (ते कुशिरोच्या हंसरक्षक मंडळाचे अध्यक्ष आहेत. हंस जन्मभर जोडीदार सोडत नाही, हे त्यांनी त्या जेवणात इतक्यांदा सांगितलं, की त्यांच्या सौभाग्यवती खिडकीबाहेर बघू लागल्या.) मी नम्रपणे नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुमिए म्हणाली, "त्यात काय एवढं? यांच्या हातचा मळ आहे तो!"

ताई, माझा जन्म स्टुडिओत आणि लग्नाच्या हॉलांत फोटो काढण्यात गेला. माणसाला म्हणायचं, हनुवटी खाली, हलू नका. माणूस हलत नाही. दिवे माझे, पडदा माझा. हंसाला हे कोण सांगणार? आणि उजेडाचा घोळ तर विचारू नकोस. पहिल्या दिवशी सगळीकडे पांढरा बर्फ बघून कॅमेऱ्याला वाटलं की उजेड फारच आहे, त्यानं आपल्या अकलेनं तो कमी केला, आणि हंस राखाडी आले. सुमिए चष्मा पुसून म्हणाली, "हे कोळशाच्या वखारीतून आलेत का?" दुसऱ्या दिवशी मी जिद्दीनं उजेड वाढवून ठेवला, तर नेमकं ऊन पडलं. हंस असे पांढरे आले की ना पीस, ना पंख. "चादरी छान वाळल्यात," ती म्हणाली. (बावीस वर्षांत तिनं माझ्या कामावर एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.) माझी झोप उडाली. जेवताना भातसुद्धा मला जरा जास्त पांढरा दिसू लागला. चिझुरू म्हणाली, "बाबा, नाही जमलं तर नाही म्हणून सांगू या." पण मुलीच्या बापानं पहिल्याच मागणीला हात वर केले, तर उद्या तिला त्या घरात काय ऐकावं लागेल, या विचारानं मी पुन्हा कॅमेरा उचलायचो.

आणि तिसऱ्या दिवशी, मला धीर द्यायला, व्याही स्वतः आले! केसाळ टोपी, चकचकीत नवे बूट. तळं गोठलेलं, काठाला जमिनीतून गरम पाणी येतं तिथेच तेवढं मोकळं, आणि तिथे वाफेत हंस चोची पंखात खुपसून झोपलेले. मी मनाशी ठरवलं होतं, की बर्फाकडे बघायचंच नाही. हंसाच्या पाठीवरचा उजेड मोजायचा, पिसं दिसतील इतपतच ठेवायचा, शटर सगळ्यात वेगवान, आणि मग काही झालं तरी बटणांना हात लावायचा नाही. पापण्यांवर बर्फ जमला. व्याही कानाशी कुजबुजत होते, "घाई नको हं. पण फार उशीरही नको."

मग हंसांनी माना वरखाली करत ओरडायला सुरुवात केली. उडण्याआधी ते असंच करतात. व्याह्यांना राहवेना. "आता! एइकिचीसान, आता!" असं ओरडत ते बोट दाखवायला दोन पावलं पुढे गेले, आणि बूट बर्फावरून सटकले. त्याच क्षणी हंस पाण्यावरून धावत सुटले, आणि माझ्या बोटानं (मी नव्हे ताई, बोटानं) बटण दाबलं.

पाणी गुडघाभर आणि कोमट होतं, त्यामुळे व्याह्यांना लागलं नाही. मी कॅमेरा ठेवून धावलो, पण ठेवून मग धावलो, हे त्यांनी पाहिलंच असणार. अंगात माझा कोट घालून, शेकोटीशी बसून त्यांनी एवढंच विचारलं, "आला का फोटो?" मी म्हणालो, "बघावं लागेल."

घरी येऊन बघितलं. ताई, असा उजेड मला जन्मात साधला नव्हता! एकेक पीस मोजून घ्यावं. पाण्याचा थेंब न् थेंब हवेत थांबलेला. आणि सात हंसांच्या बरोबर मध्ये व्याही, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, टोपी डोक्यापासून वीतभर वर. सुमिए हसून हसून आडवी झाली. चांगला फोटो एवढा एकच, आणि तो दाखवला तर लग्न मोडणार. मी दडवणार, तोपर्यंत चिझुरूनं तो नवऱ्या मुलाला पाठवलाही होता. रात्रभर फोनकडे बघत बसलो.

सकाळी विहीणबाईंचा फोन. बराच वेळ नुसतं खुदखुदणंच. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, पण यांचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. हाच लावा."

तर अशी ही कथा. प्रकृतीस जपावे.

तुझा,
एइकिची

ता. क. : व्याही आत्ताच येऊन गेले. फोटोजवळ नाक नेऊन पाहिलं. म्हणाले, "पिसं छान आलीत." मग म्हणाले, "याहून मोठा करता येईल का?"

ता. क. २ : गुडघ्यामुळे लग्नाला येणं जमणार नाही, असं तू कळवलंस. ताई, ये गं. लग्नाच्या शेवटी मुलगी आईबापांना लिहिलेलं पत्र वाचून दाखवते, आणि त्यांना दाराशी उभं करून अंगावर दिव्याचा झोत सोडतात. दर लग्नात मी ते कॅमेऱ्याआड डोळे पुसत ऐकत आलो. या वेळी माझ्या तोंडापुढे काहीच नसेल. दारालगतच्या टेबलावर तुझी मऊ खुर्ची सांगून ठेवली आहे. चिझुरू वाचू लागली, की माझ्याकडे बघून डोळे वटार, लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे नेताना वटारायचीस तसे.