सगळ्यांत शेवटी बंदरात येणारं गलबत

भाऊ,

माझं पुस्तक उद्या छापायला जाणार आहे. शिडांच्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर चाकरी केलेल्या एका लहानशा लढाऊ गलबताची हकिकत आहे ती. दोन डोलकाठ्या, सहा तोफा, वारा पडला की वल्ही. वैनगंगेच्या घाटावर नाव चालवणाऱ्याच्या मुलीने चंद्रपुरात बसून समुद्रावर पुस्तक लिहावं, याचं पुण्याच्या प्रकाशकांना अजून नवल वाटतं. मला वाटत नाही. वर्तमानपत्राच्या नोकरीत कोळशापासून वाघापर्यंत कशावरही संध्याकाळच्या आत लिहून द्यावं लागे. या पुस्तकाला मात्र मी हवा तेवढा वेळ घेतला, आणि त्यात तुमचा हात आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. सगळा घाट तुम्हाला भाऊ म्हणायचा, म्हणून आम्ही लेकरंही भाऊच म्हणायचो. आता वेगळं काही म्हणायला जमणार नाही.

तुम्हाला आठवतं का, शाळेच्या वाचनालयातून मी जहाजांचं पुस्तक आणलं होतं. तुम्ही भात आणि झिंग्यांची भाजी घेऊन चुलीपाशी बसला आहात आणि मी चित्रं दाखवते आहे. तुम्ही घास हातात धरून विचारता, "नावेवर तोफा? काऊन? मासोळ्यांले भेव दाखवाले?" आई तोंडावर पदर घेऊन हसते. मी चिडून सांगते की समुद्रात दुश्मन असतात. "असन बा. लाकूड कोनतं?" सागाचं, पण आपल्याकडचं नाही, मलबारचं. "साग कुठचाबी असो, सागच. मंग पोचली असन पोरी पल्याड." समुद्राला पल्याड नसतो हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला शाळेत सांगितलं होतं, तरी उपयोग झाला नाही. या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात मी चक्क लिहिलं होतं की गलबत 'पल्याडच्या काठाला लागलं'. संपादक मॅडम फोनवर खूप हसल्या. "अहो ताई, समुद्राला पल्याडचा काठ कुठून आणलात?" मी म्हटलं, घरून आणला.

गलबताचं काम साधं होतं. तांदूळ, मीठ, नारळ घेऊन जाणाऱ्या व्यापारी गलबतांच्या ताफ्याबरोबर जायचं, चाच्यांपासून त्यांना राखायचं आणि मुक्कामाला पोचवायचं. मधल्या काळात या किल्ल्याचा निरोप त्या किल्ल्याला. लढाई त्याच्या वाट्याला आली नाही, शत्रूचं जहाज त्याने कधी पकडून आणलं नाही. माझ्याआधी ज्यांनी त्याच्याविषयी लिहिलं, त्यांनी त्याला दोन ओळींत निकालात काढलं आहे: चालीला मंद, दर वेळी बंदरात सगळ्यांच्या मागून येणारं, तांडेल बहुधा भित्रा. तांडेल म्हणजे गलबत चालवणाऱ्यांचा प्रमुख, तुमच्यासारखा. मीही तसंच लिहून मोकळी होणार होते. पण एका दुपारी बंदरातल्या नोंदी पुन्हा चाळताना जाणवलं की हे गलबत ज्या ज्या दिवशी शेवटी आलं आहे, त्या त्या दिवशी ताफ्यातलं निघालेलं एकूण एक गलबत सुखरूप पोचलं आहे. एकदा तांदळाच्या गलबताची डोलकाठी मोडली, तर याने त्याला दोर बांधून, वल्ही मारत ओढून आणलं. मी पेन खाली ठेवलं. मला घाट दिसू लागला.

संध्याकाळची शेवटची फेरी आहे. नावेत वऱ्हाड बसलं आहे, नवरदेवाचा मामा घड्याळ बघतो आहे. मला दुसऱ्या दिवशी गडचिरोलीत परीक्षा आहे आणि पलीकडे बस उभी आहे. तुम्ही बांबू रेतीत रोवून, गावाकडे तोंड करून हाक देता, "कोनी राह्यलं का होऽऽ?" आणि थांबता. लांब रेतीवर एक म्हातारी बाई दिसते, डोक्यावर टोपली, मागे ओढत आणलेली बकरी. बकरी चार पावलं येते आणि बसते.

"भाऊ, नवरदेव म्हातारा व्हते आता," मामा म्हणतो.

"मंग बरंच हाये. अक्कल आल्यावर लगन लागन."

वऱ्हाड हसतं. मला हसू येत नाही. "भाऊ, चला ना! नाव भरली. माही बस जाऊन राह्यली."

तुम्ही माझ्याकडे वळता. चारचौघांत तुम्ही मला कधी बोलला नव्हतात. "नाव भरली का नाई, ते मले नको सांगू. काठ रिकामा झाला का, ते पाह्य आन् मंग सांग."

बस गेली. आत्याच्या गावी मुक्काम करून पहाटेच्या बसने मी परीक्षेला पोचले. म्हातारीने नावेत मला टोपलीतली मूठभर चारं दिली, आपल्या रानातली ती आंबटगोड फळं. बकरीने नवरदेवाच्या शेल्याचा एक कोपरा खाल्ला.

पुढे पूल झाला. पहिल्या दिवशी सगळं गाव पुलावरून चालत निघालं होतं. कोणी तरी म्हणालं, "भाऊ, आता तुमची नाव म्युझियममंदी ठेवा." तुम्ही म्हणालात, "त्याईले दार मोठं कराले सांग पह्यले." पलीकडच्या टोकाला पोचलो, लोक पेढे वाटायला लागले, आणि तुम्ही मात्र वळून उभे राहिलात. मागे रेंगाळलेली दोन पोरं येईपर्यंत तुम्ही पेढा हातात धरून होतात. नाव अंगणात पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या राहू लागल्या. गलबताचंही तसंच झालं. फळ्या कुजल्या, तोफा उतरवल्या, आणि शेवटची काही वर्षं ते बंदरात पाण्याची पिंपं वाहत होतं. हे मी पुस्तकात कुठेही हळहळून लिहिलेलं नाही. ज्याने नेलेलं सगळं पोचवलं, त्याच्याविषयी हळहळायचं कशाला?

गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "ताई, एक तरी लढाई हवी हो. सहा तोफा आहेत, एकदा तरी उडू द्या की! 'झाली असावी' असं लिहा, कोण विचारतंय? नाहीतर युद्धनौकेचं पुस्तक म्हणून हे विकायचं कसं?" मी म्हटलं, लढाई झालेली नाही, मी लिहिणार नाही. मग पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल, असं त्या म्हणाल्या. जाऊ द्या, म्हटलं. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, तेव्हा त्यांनी ताफ्याचं प्रकरण पुन्हा वाचलं होतं. "राहू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "पण ते एक वाक्य फार सुंदर आहे. नांगर उचलण्याआधी तांडेल मागे वळून हाक द्यायचा, 'कोणी राहिलं का?' याला पुरावा आहे ना?"

मी म्हटलं, आहे.

भाऊ, पुरावा नाही. ते वाक्य कुठल्याही कागदात नाही, ते घाटावरचं आहे. एवढी लढाई नाकारणाऱ्या बाईने एवढंसं वाक्य आत सरकवलं. काढायचं तर उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. मी काढणार नाही. म्हणून हे पत्रही मी कुठे छापणार नाही आणि तुमच्याशिवाय कोणाला दाखवणार नाही. मॅडमच्या हाती लागलं, तर त्या वाक्यावर लगेच रेघ मारतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.