दुसरी डिस्क आधी

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणास, तायडीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. कडूआत्याचा गुडघा आता बरा आहे. आबा मेंढरं घेऊन पैठणकडे उतरलेत आणि फोन बंद ठेवायची त्यांची सवय कायम आहे. शेंद्र्याच्या कंपनीत मला तपासणी विभागात बढती मिळाली. आता दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. तू म्हणशील, हे काम तर ही बाई जन्मापासून फुकट करत होती.

‘पुन्हा सिनेमावर लिही’ म्हणून मागं लागले, तर तू माझा नंबरच बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. कागद काही बंद करता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी एवढी बातमी वाच: काल आपण जिंकलो! भर सभेत, टाळ्यांच्या गजरात, तात्यासाहेबांना हात वर करायला लावून जिंकलो. ‘आपण’ म्हणजे तू आणि मी.

सगळं सांगते. सिडकोतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी सिनेमा दाखवतात, तिथं मी वर्षभर जाते आहे. तात्यासाहेब त्या मंडळाचे अध्यक्ष. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, गावाकडे मोठी बागायत, आणि बोलायला लागले की मधे श्वास घेत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘आपली आवड?’ मी म्हटलं, ‘कुणालाच माहीत नसलेले, परग्रहाचे, अजगर-राक्षसांचे, हिंदीत डब केलेले सिनेमे.’ त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी तशीच होते.

पण मी मागे हटले नाही गं. आपली वही घेऊनच गेले. फुलंब्रीची, लहानपणीची, सिनेमाला दहापैकी मेंढरं देणारी. त्यांना वाचून दाखवलं. ‘सात सूरज का टापू’: आकाशात सात सूर्य आणि हिरोची सावली एकच, म्हणून दोन मेंढरं, त्यातलं एक लंगडं. ‘पानी के नीचे की रानी’: डबिंगवाल्यांनी राणीला आणि तिच्या घोड्याला एकाच बाईचा आवाज दिला, तरी घोडा जास्त मनापासून बोलतो, म्हणून पाच मेंढरं, पाचही घोड्याची. ‘काँच का अजगर’ला तू आठ दिली होतीस आणि मी सहा. आज कबूल करते, आठच बरोबर. अजगराला लटकवलेला दोर दिसतो म्हणून मी दोन कापली होती. आता मला तो दोर दिसला की बरं वाटतं. वर कुणीतरी माणूस तो धरून उभा आहे, हात भरून आले तरी सोडत नाही, हे कळतं. आताच्या सिनेमांत दोरही नसतो आणि धरणाराही दिसत नाही.

तात्यासाहेब हसले. पुढच्या रविवारपासून तेही सिनेमा संपला की विचारायला लागले, ‘योगिनीबाई, किती मेंढरं?’

आता मुद्द्यावर येते. ‘नमक का ग्रह’.

नाव वाचून कागद चुरगळला असशील तर सरळ कर. मला माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी पुण्यात तू या सिनेमावर बोललीस. शंभर माणसं, तुझं पहिलं व्याख्यान, माझी निळी साडी. तू सांगत होतीस की त्या मिठाच्या ग्रहावर काळ उलटा चालतो. आधी मिठाच्या वादळात आई हरवते, मुलगा म्हातारा होऊन यानातून निघून जातो, मग यान पुन्हा त्याच ग्रहावर उतरतं तेव्हा तो लहान झालेला असतो, आणि शेवटी आई दारात उभी राहून, कपाळाशी हात धरून त्याला जेवायला हाक मारते. आणि पहिल्या रांगेतला तो गृहस्थ उठून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही डिस्का उलट्या लावून पाहिलात. हा शेवट नाही, मध्यंतर आहे.’ सगळा हॉल हसला. त्यानंतर तू सिनेमावर एक ओळ लिहिली नाहीस. विम्याच्या कंपनीत फोन घेत बसलीस. तू, जी आठव्या वर्षी अजगराच्या डोळ्यांवर दीड पान लिहीत होतीस.

फुलंब्रीत सांडूभाऊंच्या भाड्यानं सिनेमे देणाऱ्या लायब्ररीत डिस्कांवरचे आकडे चुकले होते, एवढ्याशा गोष्टीनं तुझं असं झालं.

असो. या महिन्यात तात्यासाहेबांनी हाच सिनेमा लावायचं ठरवलं, तेव्हा मी हट्ट धरला: नऊ तारखेला सरळ लावा, सोळाला उलटा. ते म्हणाले, ‘हा दिग्दर्शकाचा अपमान आहे.’ मी म्हटलं, ‘दिग्दर्शक थंड देशात आहे, त्याला कळणार नाही. प्रेक्षक इथं आहे.’ बरीच हुज्जत झाली, पण झाले तयार.

नऊला लोकांनी सरळ पाहिला. आई हरवली, मुलगा निघून गेला, दिवे लागले. लोकांनी ‘छान, छान’ म्हणत चपला शोधल्या. तात्यासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जिंकलेच.

मग मी फुलंब्रीला गेले. सांडूभाऊंचं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तुला ते दुकान आठवत असेल. पुण्याहून येऊन तू तिथं उभी राहून त्यांना बोललीस, ‘तुमच्या हलगर्जीपणानं माझं वाटोळं केलं.’ ते मान खाली घालून स्क्रू पिळत राहिले. मी तुझ्या शेजारी उभी होते आणि दुकानातल्या कव्हरांचे रंग पाहत होते.

प्रेरू, सांडूभाऊंनी चूक केली नव्हती. वर मी तसं लिहिलं ते खोडत नाही, राहू दे. एकवीस वर्षांची सवय हातात कशी बसली आहे ते तुलाही दिसू दे.

आकडे मी बदलले.

माय मेंढरांमागं गेली ती तापानं तिकडंच गेली, जुन्नरच्या बाजूला कुठंतरी. आबांनी तिला तिथंच माती दिली. आपण शाळेसाठी आत्याकडे होतो, आपल्याला फक्त निरोप आला. तू तो ऐकलाच नाहीस. तीन महिने शाळेतून आलीस की उंबऱ्यात बसायचीस, आणि आत्यानं ताट वाढलं की म्हणायचीस, ‘माय आल्यावर.’ चिमणीएवढी झाली होतीस. सांडूभाऊंकडून मी ती दोन डिस्कांची जोडी आणली, ग्रह आणि यान आहे म्हणून तुला आवडेल वाटलं. त्या दिवशी मला शाळा नव्हती, आधी एकटीनं पाहिला. शेवट पाहून मी टीव्ही बंद केला. हे तुला कसं दाखवू? परत नेऊन देणार होते. मग लक्षात आलं, दुसऱ्या डिस्कच्या शेवटी यान उडतं आणि पहिल्या डिस्कच्या सुरुवातीला यान उतरतं. सांधा कुठं दिसतच नाही.

रॉकेलच्या बोळ्यानं मी आकडे पुसले आणि जत्रेतल्या जांभळ्या नेलपॉलिशनं नवे लिहिले. मी चौदा वर्षांची होते. मला एवढंच जमत होतं.

तू पाहिलास. मधे लाईट गेली, तासभर अंधारल्या टीव्हीसमोरून हलली नाहीस. शेवटी ती बाई दारात आली, कपाळाशी हात धरून तिनं हाक मारली, आणि पडदा काळा झाला. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, ‘तायडे, भूक लागली.’ तीन भाकरी खाल्ल्यास. वहीत दहा मेंढरं लिहिलीस आणि अकरावं कोकरू काढलंस.

पुण्याहून तू फोनवर विचारलंस, ‘तायडे, तुला माहीत होतं का?’ तेव्हा मला हे सांगायचं होतं. पण मला वाटलं, खरं कळलं तर त्या तीन भाकरीही तू परत करशील. म्हणून मी सांडूभाऊंचं नाव घेतलं. मी भित्री आहे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात पटाईत आणि स्वतःची कबूल करायला दोन वर्षं.

तर, दुकानात मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि ती जोडी काउंटरवर ठेवली.

‘मला तवाच ठावं व्हतं, ताई. माझे आकडे काळ्या मार्करचे. हे जांभळं पाहून म्हणलं, पोरीनं काय तरी इचार करूनच केलं आसंल. मंग घरी लावून पाह्यलं. लई भारी वाटलं. तसंच ठिवलं.’

‘मग प्रेरणा बोलली तेव्हा गप्प का बसलात?’

‘तुमी बी गप व्हत्या ना.’

मी ती जोडी उचलून पिशवीत ठेवली. ते पुढं म्हणाले, ‘आख्ख्या फुलंब्रीनं हा पिच्चर तसाच पाह्यलाय. चला, इचारू त्यांना.’

काल सकाळी सांडूभाऊ एसटीनं सतरा माणसं घेऊन आले! वाचनालयाच्या खुर्च्या पुरेनात. सिनेमा उलटा लागला. यान उडालं, यान उतरलं, आणि ती बाई दारात आली तेव्हा मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, ‘आली!’ सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. तात्यासाहेब उठून सांगायला लागले की ही मांडणी चुकीची आहे, तोच बांगड्या विकणारी साळूबाई उभी राहिली.

‘सायेब, मी हा पिच्चर बारा येळा पाह्यला. माय शेवटालाच यती. तुमचा पुस्तकातला आसंल तर आसंल.’

मग मी पुढं गेले. माइक हातात घेतला आणि आकडे कुणी बदलले, कशासाठी बदलले, ते सांगितलं. सांडूभाऊंची माफी सगळ्यांसमोर मागितली. तुझं नाव घेतलं आणि म्हटलं, पुण्यात जे सांगितलं गेलं ते या सिनेमावरचं सगळ्यात खरं बोलणं होतं, आणि त्या शंभर माणसांना ते ऐकता आलं नाही.

हात वर करायला सांगितलं. उलट्याच्या बाजूनं अख्खा हॉल. तात्यासाहेब राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, यावेळी डोळे पुसले, आणि हात वर केला. ‘योगिनीबाई,’ म्हणाले, ‘सिनेमा दिग्दर्शकानंच उलटा लावला होता. किती मेंढरं?’ फुलंब्रीकरांना आपली पद्धत मी आधीच सांगून ठेवली होती. सगळे ओरडले, ‘दहा!’ मी म्हटलं, ‘आणि एक कोकरू.’

आता तू. मंडळाच्या फळ्यावर चौदा डिसेंबरच्या रविवारी ‘काँच का अजगर’ लिहिलं आहे आणि खाली ‘बोलणार: प्रेरणा’. मी तुला न विचारता लिहिलं. रागव, भांड, माझ्यावर दीड पान लिही, पण ये. आणि सांडूभाऊंशी एकदा बोल. ते तुझ्याबद्दल एवढंच म्हणाले, ‘तिचं बोलणं लागलं, पण पिच्चर तिलाच कळला.’

पाकिटात पुठ्ठ्यांमधे त्या जोडीतली दुसरी डिस्क आहे. जांभळा आकडा जरा उडालाय, पण वाचता येतो. तुझ्याकडे ती चालवायला काही नसेल हे मला ठाऊक आहे. नुसती ठेव. वरचा ‘एक’ माझ्या हातचा आहे.

आत्या म्हणते, भाकरी कितीच्या टाकायच्या ते आधी कळव.

तुझ्याशी खोटं बोललेली, पण तो सिनेमा बरोबरच लावलेली,
तुझी तायडी