शिडाची बोट आणि धुळ्याचा मेहुणा

११ मार्च २०२५, मंगळवार
आज बोट आली. शिडाची, सव्वीस फुटी, मुंबईच्या एका माणसाने वापरलेली. जळगावात अशी दुसरी नाही. गल्लीत घुसताना ट्रेलरने कडुनिंबाची एक फांदी आणि झुलाल आबांची केबल तोडली. आबा समोर राहतात. बाहेर येऊन म्हणाले, "नाना, आठे समुंदर कोठे शे?" इथे समुद्र कुठे आहे म्हणे. दुर्लक्ष केलं. दूरदृष्टी नसलेल्या माणसांशी बोलायचं नाही, हे रिटायर होतानाच ठरवलंय.

डोलकाठी आली नाही. ती एवढी लांब की आपल्या गल्लीत वळली नसती, म्हणून धुळ्यात हायवेलाच उतरवून घेतली. अमृतच्या वर्कशॉपवर ठेवलीय. अमृत म्हणजे माझ्या बायकोचा, ज्योतीचा, धाकटा भाऊ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच्यावर विश्वास टाकणं ही यातली एकमेव चूक, आणि ती ज्योतीच्या आग्रहामुळे झाली.

प्लॅन: जूनपर्यंत सगळी दुरुस्ती. नंतर मुक्ताईनगरच्या बॅकवॉटरमध्ये ट्रायल. दिवाळीत समुद्र. पुढे गोवा.
ज्योतीला सांगितलं. ती म्हणाली, मला एकदा विचारायचं तरी होतं. म्हटलं, सरप्राईज होतं.

१४ मार्च
पाहणी केली. तळाला फोड आलेत, देवीचे आल्यासारखे. शिडं उंदरांनी खाल्लीत. इंजिन गंजलंय. मुंबईचा माणूस चोर निघाला. फोनवर म्हणतो, साहेब, तुम्ही बघूनच घेतली ना? फोटो बघून घेतली होती. फोटोत फोड नव्हते.
निश्चय: सगळं काम स्वतः करायचं. मिस्त्री लोक फसवतात. माझी सगळी नोकरी पाणीपट्टीच्या टेबलावर गेली, पाण्याचं मला कोणी शिकवू नये.

२ एप्रिल, दुपार
रेझिनचं काम काढलं. डबाभर रेझिन, म्हणजे फोड बुजवायचा चिकट द्रव, त्यात तो घट्ट करणारं हार्डनर, बादलीत ढवळायचं आणि फोडांवर लावायचं. व्हिडिओत एक गोरा माणूस शिट्टी वाजवत करतो.
ढवळून होईपर्यंत बादलीतून धूर निघायला लागला. मग सगळं दगड झालं. ब्रश त्यात उभाच्या उभा अडकला. डावा ग्लोव्हही. हात थोडक्यात निघाला.
माल डुप्लिकेट आहे. कंपनीला कडक ईमेल केली. ज्योती चष्मा लावून डबा वाचत होती. म्हणाली, अहो, थंड वेळेत करा असं लिहिलंय, आणि तुम्ही बेचाळीस डिग्रीत बसलात. हे तिने आधी सांगायला हवं होतं. मुद्दाम नाही सांगितलं.

१९ एप्रिल
सकाळी उठून बघतो तर डेकवर वाळवण, पापडांसारख्या ज्वारीच्या बिबड्या. इकडून तिकडे, एक बोट ठेवायला जागा नाही. झुलाल आबांच्या भिकुबाईंनी शिडी लावून वाळत घातल्या होत्या. जोडीला आमची ज्योती, चुलीवरचं पातेलं वर देत होती!
मी कॅप्टन या नात्याने डेक रिकामा करायचा हुकूम दिला. भिकुबाई म्हणाल्या, शेळी चढत नाही अशी ही एकच जागा आहे गल्लीत, जरा उन्हं उतरेपर्यंत थांबा. दोघी हसल्या.
रात्री ताटात भाजलेली बिबडी होती. निषेध म्हणून एकच खाल्ली. मग तीन खाल्ल्या, पण बोललो नाही.

७ मे
नईमचा फोन. नईम माझा ऑफिसातला जुना सोबती, आता मुलाकडे धुळ्याला असतो. म्हणाला, नानासाहेब, तुमच्या मेहुण्याने वर्कशॉपसमोर काय उंच खांब उभारलाय! वर हॅलोजन लावलाय, पार हायवेवरून दिसतो.
माझी डोलकाठी!
लगेच अमृतला फोन लावला. तो म्हणतो, दाजी, आडवी ठेवली असती तर वाकली असती, उभी बरी. शिवाय गिऱ्हाईकाला दुकान सापडतं. मी म्हटलं, आजपासून तुझे माझे संबंध संपले. तो म्हणाला, बरं दाजी, आंब्याची पेटी पाठवलीय, संध्याकाळच्या एसटीने येईल, उतरवून घ्या.
या माणसाला अपमान करून घेण्याचीसुद्धा अक्कल नाही.
पेटी उतरवली. आंबा खाणार नाही. रस वेगळा.

२६ मे
फार मोठा शोध. बोटीला भोकं आहेत! मागे बसायच्या खड्ड्याच्या तळाला दोन, आणि खाली तळात आणखी काही, जुन्या पाइपांना जोडलेली. बोटीला भोकं! आधीच्या मालकाची बुद्धी बघा.
सगळी बुजवली. या वेळी रेझिन पहाटे लावलं. (हे मला स्वतःलाच सुचलं.) ज्योती म्हणाली, ती पाणी निघून जायला ठेवली असतील. मी म्हटलं, बोटीत पाणी आलंच नाही तर जाईल कुठून? ती आत गेली.
बोट आता शंभर टक्के वॉटरप्रूफ. या घरात माझं कौतुक कोणी करणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: शाब्बास.

९ जुलै
तीन दिवस पाऊस थांबला नाही. सकाळी भिकुबाई ओरडल्या म्हणून बाहेर गेलो. मागचा खड्डा काठोकाठ भरला होता. तिथून पाणी केबिनमध्ये गेलं, आणि केबिन भरली. गाद्या तरंगत होत्या. वजनाने ट्रेलरचं एक चाक चिखलात रुतलं आणि आख्खी बोट झुलाल आबांच्या कंपाउंडवर रेलली.
आबा छत्री घेऊन बघत होते. म्हणाले, "नाना, समुंदर तुमना घरमाच उना."
समुद्र म्हणे माझ्याच घरात आला. गल्ली हसली. हसू दे. एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आतलं पाणी एक थेंबही बाहेर गळलं नाही. काम चोख होतं.
बादलीने पाणी उपसायला घेतलं. पाचव्या-सहाव्या बादलीला कंबरेत कट् असा आवाज आला.

१० जुलै
डॉक्टर म्हणाले, बेड रेस्ट. बोट हा शब्द ऐकून ते नको तेवढा वेळ हसले. डॉक्टर बदलणार.

१६ जुलै
पडून आहे. बाहेर क्रेनचा आवाज. खिडकीतून मान काढली तर बोट हवेत! खाली अमृत, अंगावर माझाच जुना रेनकोट, क्रेनवाल्याला हात करतोय. बाजूला ज्योती.
मी ओरडलो. ज्योती आत येऊन म्हणाली, आबांची भिंत पडायला आलीय. अमृत धुळ्याला नेतोय, नीट करून आणेल. तुम्ही झोपा.
मी म्हटलं, ही चोरी आहे. ती म्हणाली, पाठीखाली उशी देऊ का?

१७ जुलै
कंबरपट्टा लावून पोलीस स्टेशनला गेलो. हवालदाराने रजिस्टर उघडलं. म्हणाला, नाव?
म्हटलं, चोरीला गेली.
म्हणाला, तुमचं नाव.
म्हटलं, माझीच. सव्वीस फुटी.
बराच वेळ असं चाललं. मग त्याने विचारलं, कोणी नेली? बायकोच्या भावाने. दिली कोणी? बायकोने. त्याने पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला. म्हणाला, काका, घरी जाऊन मिटवा.
मिटवणार नाही. आजपासून ज्योतीशी अबोला.

२१ ऑगस्ट
अबोला चालू. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.
दर रविवारी धुळ्याला जाते. सकाळच्या बसने जाते, अंधार पडल्यावर येते. नखांना निळा रंग. काल फोनवर अमृतशी बोलत होती. शिडाला दुहेरी शिवण मारलीय म्हणाली. तिने! मग "तुझ्या दाजींनी बुजवलेली भोकं" असं काहीतरी म्हणून इतकी हसली की खुर्चीवर बसावं लागलं.
असं हसताना तिला याआधी कधी पाहिलं होतं, ते आठवेना. बराच वेळ आठवत बसलो. डास फार होते, झोप लागली नाही.

५ ऑक्टोबर
बोट तयार आहे म्हणतात. अमृतने बॅकवॉटरमध्ये बोट सोडायची परवानगीसुद्धा काढली. माझी कॅप्टनची टोपी कुरिअरने आली. थोडी मोठी आहे.
निश्चय: सर्वांना जाहीर माफ करायचं. अमृतला शेवटी. भाषण तयार केलं, पण त्याला उगाच चढायला नको म्हणून दोन ठिकाणी टोमणे घातलेत.

१६ नोव्हेंबर, रविवार
मुक्ताईनगर. बॅकवॉटर.
सकाळी क्रेनने बोट पाण्यात सोडली. डोलकाठी उभी, शीड पांढरंशुभ्र. तरंगली. मी मनातल्या मनात म्हटलं, माझी बोट. झुलाल आबा आणि भिकुबाई गाडी करून आले होते, डबे घेऊन. भाषण सुरू केलं तेव्हा क्रेनवाला क्रेन मागे घेत होता, तिच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही.
टोपी घालून मीच सगळ्यांत आधी चढलो. सुकाणू धरलं. दोर अजून काठाला बांधलेलाच होता. पाणी ताटासारखं शांत. बोट जराशी, अगदी जराशी हलली.
मी कठडा धरून वाकलो. डोळ्यांसमोर अंधारी आली. सकाळचे पोहे पाण्यात गेले आणि मागोमाग टोपीही गेली.
अमृतने हात धरून उतरवलं. पाण्याची बाटली दिली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. उलटीची गोळी घेऊन पुन्हा चढलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ज्योती म्हणाली, पुरे आता, सावलीत बसा.
मी म्हटलं, मग चला घरी.
ती म्हणाली, आम्ही एक चक्कर मारून येतो.
अमृत तिला म्हणाला, अक्का, जॅकेट घाल. ती घालता घालता हसत म्हणाली, आपल्या गावी, असोद्याच्या विहिरीत तुला पोहायला कोणी शिकवलं, विसरलास?
ज्योतीला पोहता येतं. इतकी वर्षं संसार केला, मला माहीत नव्हतं. संध्याकाळी तिला म्हणालो, कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाहीत.
पण ते नंतर. तेव्हा सगळे चढले. आबासुद्धा, धोतर वर खोचून. सुकाणू ज्योतीने धरलं. शिडात वारा भरला आणि बोट गेली, मला वाटलं होतं त्यापेक्षा सरळ. लांबून भिकुबाईंचं हसणं ऐकू येत होतं. मग तेही येईनासं झालं. पांढरं शीड तेवढं दिसत होतं, बोटाच्या नखाएवढं.
डेक खराब होऊ नये म्हणून सगळ्यांनी चपला काठावर काढल्या होत्या. भटकी कुत्री होती. कोणीतरी थांबणं गरजेचं होतंच.
दोन तास बसलो. एकही चप्पल गेली नाही.